लिफ्टमामा आणि मामींचा एक शब्द

त्या इस्पितळात दोन लिफ्ट होत्या. एक नवी, बटण दाबलं की आपली आपण चालणारी. दुसरी जुनी, रुंद, स्ट्रेचर आडवं मावेल एवढी, आणि तिला अजून माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे लिफ्टमामा. सव्वीस वर्षं ते एकाच स्टुलावर बसून होते. "माझ्याइतका प्रवास कुणी केला नसेल," ते म्हणायचे, "फक्त अजून कुठे पोचलो नाही."

जुन्या लिफ्टचं सगळं कसब थांबवण्यात होतं. पितळी दांडा नेमक्या क्षणी सोडावा लागायचा. लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन एका पातळीत आली नाही, नुसता बोटभर फरक राहिला, तरी स्ट्रेचरचं चाक आदळायचं आणि वरचा मोडलेल्या मांडीचा माणूस कळवळायचा. मामांच्या हातून चाक कधी आदळलं नाही. शिकाऊ डॉक्टर भरलेला कप हातात घेऊन त्यांच्या लिफ्टमध्ये बिनधास्त उभे राहायचे.

दुसरं कसब होतं बोलण्याचं. घाबरलेले लोक आत आले की मामा दार ओढता ओढता म्हणायचे, "काळजी करू नका, मी फक्त पाचव्या मजल्यापर्यंत नेतो. त्याच्या वरचं खातं माझ्याकडे नाही." बहुतेक लोक हसायचे. काही हसायचे नाहीत, तेव्हा मामा गप्प बसायचे आणि लिफ्ट जरा जास्तच हळुवार थांबवायचे.

दुसऱ्या मजल्यावर बाळंतिणी, तिसऱ्यावर हाडं, चौथ्यावर मेंदू आणि नसा, पाचव्यावर अतिदक्षता. कोण कुठे चाललंय हे मामांना विचारावं लागत नसे. माणसाने पिशवी कशी धरली आहे यावरून त्यांना मजला कळायचा.

घरी मात्र वेगळाच प्रकार. मामा राहायचे त्या इमारतीला लिफ्टच नव्हती, आणि खोल्या तिसऱ्या मजल्यावर. दिवसभर जगाला वर नेणारा माणूस संध्याकाळी चोपन्न पायऱ्या धापा टाकत चढायचा. दारात मामी उभ्या असायच्या. "आलं का आमचं विमान?" असं म्हणून त्या हातातली पिशवी घ्यायच्या आणि तिथून त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत.

मामी म्हणजे बोलणं. त्या जिन्यात कुणाशी बोलायला थांबल्या की समोरच्या बाईचं गॅसवरचं दूध उतू गेलंच म्हणून समजा. चर्चमध्ये रविवारच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलांना शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगितल्या. दावीद सांगताना त्यांच्या हातात गोफण दिसायची आणि माशाच्या पोटातला योना सांगताना पुढच्या बाकावरची पोरं पाय वर घेऊन बसायची. घरीसुद्धा रोज संध्याकाळी त्याच मोठ्याने वाचायच्या आणि मामा ऐकायचे. मामांची शाळा लवकर सुटली होती. वाचता यायचं, पण बैलगाडीच्या वेगाने. त्यामुळे वाचणं हे मामींचं काम आणि 'आमेन' म्हणणं हे मामांचं, अशी वाटणी लग्नापासून ठरलेली. एकुलती एक लेक दूरच्या गावी नोकरी करत होती, तिचं लग्न झालं होतं. तिचा फोन आला की मामांच्या वाट्याला शेवटचं अर्धं मिनिट यायचं.

ते सगळं एका सकाळी थांबलं. मामांची सुट्टी होती. मामी मोरीशी कप विसळत होत्या. कप फुटल्याचा आवाज आला म्हणून मामा उठून गेले तर मामी भिंतीला टेकून बसलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर पडलेला. डोळे मामांवर. काहीतरी सांगायचं होतं आणि ओठ ऐकत नव्हते.

शेजारच्या दोघांनी खुर्चीत घालून त्यांना खाली उतरवलं. ॲम्ब्युलन्स आली, इस्पितळात पोचली, आणि मामा आपल्याच लिफ्टसमोर उभे राहिले. बदलीवरचा माणूस नवखा. मामांना आणि स्ट्रेचरवर मामींना पाहून तो इतका गडबडला की त्याला दार ओढायचंही सुचेना. मामांनी त्याला बाजूला केलं. स्वतः दार ओढलं, दांडा धरला आणि बायकोला चौथ्या मजल्यावर नेलं. लिफ्ट अशी थांबली की चाकं कधी बाहेर गेली ते कळलंही नाही. स्ट्रेचर वॉर्डात शिरल्यावर मग मामा तिथेच आपल्या स्टुलावर बसले.

जीव वाचला. चौथ्या दिवशी मामी शुद्धीवर आल्या, मामांकडे बघितलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "बस."

मामा आनंदाने खुर्चीवर बसले. त्यांना वाटलं, बायको आपल्याला बस म्हणतेय. नर्सने पाणी दिलं, मामी म्हणाल्या, "बस." नर्सने पाणी थांबवलं. डॉक्टर आले, त्यांनी नाव विचारलं. मामी म्हणाल्या, "बस." मग आणखी दोनदा तोच शब्द, आणि प्रत्येक वेळी डोळ्यांत जास्त भीती. पाचव्यांदा त्यांनी डावी मूठ पलंगावर आपटली आणि रडायला लागल्या.

डॉक्टरांनी मामांना बाहेर नेऊन समजावलं. समजतं सगळं, विचारही जिथल्या तिथे आहेत, पण शब्दांकडे जाणारा रस्ता बंद झालाय. असं होतं कधीकधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो. बाकीचे काही परत येतील, काही येणार नाहीत.

"किती येतील?" मामांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत."

लेक धावत आली. तिला सातवा महिना होता, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलेलं, तरी आली. आठ दिवस राहिली आणि तिच्या पायांवर सूज यायला लागली तेव्हा मामांनीच तिला परत पाठवलं. मग उरले मामा, मामी आणि लिफ्ट.

मामा प्रार्थना करत होते. दोन आठवडे केली, मग बंद केली. भांडून नाही, नुसती राहून गेली. पण आत कुठेतरी गणित मांडलेलं होतं. सव्वीस वर्षं लोकांची दुखणी हळुवार वर नेली, आणि जिने तीस वर्षं देवाच्याच गोष्टी सांगितल्या तिचीच जीभ गेली. हा काय न्याय झाला? लिफ्टमधल्या गप्पा थांबल्या. कुणी काही विचारलं की मामा भिंतीवरच्या मजल्यांच्या पाटीकडे बोट दाखवायचे. दुसऱ्या मजल्यावर नुकताच बाप झालेला एखादा माणूस हसत हसत आत आला की त्यांना त्याच्या हसण्याचा राग यायचा, आणि आपल्याला राग आला म्हणून आणखी राग यायचा. दाढी वाढली. वॉर्डातल्या आया आपसात म्हणायला लागल्या, मामींची वाचा गेली आणि मामांची त्यांच्या मागून गेली.

मामींना बोलायला शिकवणारी एक तरुण बाई आठवड्यातून दोनदा यायची. सगळे तिला बोलबाई म्हणायचे. ती एक दिवस मामांना म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

"काय बोलू? तिला उत्तर देता येत नाही, तिला वाईट वाटतं."

"उत्तर नको. कानांना शब्द हवेत. बोलता येत नसेल तर वाचून दाखवा काहीतरी. त्यांना आवडणारं."

मामांनी घरून मामींचं शास्त्र आणलं. पहिल्या पानापासून सुरुवात केली, कारण मधूनच कुठून उघडायचं ते त्यांना माहीत नव्हतं. रोज दुपारी सुट्टीचा अर्धा तास. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, अवघड नावांशी कुस्ती करत. सुरुवातीला वाचनात भक्ती कमी आणि घाम जास्त होता. नावाचा अगदीच चुथडा झाला की मामी डोळे मिटून घ्यायच्या. रविवारच्या शाळेत त्यांनी असं वाचणाऱ्या पोराला उभं केलं असतं.

असं करत करत दोन-अडीच आठवड्यांनी मामा योसेफापाशी आले. ही गोष्ट मामांना तोंडपाठ होती. रंगीत झगा, भावांनी टाकलेला खड्डा, खोटा आळ, तुरुंग, स्वप्नं, आणि शेवटी राजाच्या खालोखाल मान. तुरुंगापाशी आल्यावर मामा भरभर वाचायला लागले. पुढे स्वप्नं होती, ती मामींना फार आवडायची. राजाला मद्याचा पेला देणारा प्यालेबरदार आणि राजाचा आचारी त्याच तुरुंगात आहेत. एका सकाळी योसेफ त्यांच्याकडे येतो, त्यांना उदास बघतो, आणि विचारतो की आज तुमचे चेहरे असे उतरलेले का.

"बस," मामी म्हणाल्या.

मामा थांबले. "पाणी हवंय?"

मामींनी मान हलवली. डावा हात उचलून त्यांनी पानावर बोट ठेवलं. मामांनी ती ओळ पुन्हा वाचली. मामींचं बोट हललं नाही. तिसऱ्यांदा वाचली. मग मामींनी हात पुस्तकावरून उचलला आणि मामांच्या वाढलेल्या दाढीवर, गालावर ठेवला. आणि तशाच बघत राहिल्या.

मामांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मामी त्यांना विचारत होत्या. पलंगाला खिळलेली, एका शब्दात कोंडलेली ही बाई त्यांना विचारत होती की तुमचा चेहरा असा का उतरलाय.

"अगं, मला काही सुचत नाही," मामा म्हणाले. "घरी गेलो की दार उघडायला कुणी नसतं. मी स्वतः कुलूप काढतो आणि आत जाऊन बूट न काढता बसतो. मला तुझा आवाज ऐकायचाय. मी देवाशी बोलणं टाकलंय. तुझ्यासमोर कसं सांगायचं म्हणून..." पाच आठवड्यांत पहिल्यांदा ते रडले, वॉर्डात, बारा पलंगांच्या देखत.

मामींनी गालावरचा हात काढला नाही. "बस," त्या म्हणाल्या. "बस. बस."

त्या दुपारी लिफ्टमध्ये परत आल्यावर मामांच्या डोक्यातून योसेफ जाईना. इतकी वर्षं ऐकलेल्या गोष्टीत हा प्रश्न आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. सगळे स्वप्नांच्या मागे, आणि स्वप्नं तर नंतर आली. ज्याला भावांनी विकलं, ज्याच्यावर खोटा आळ आला, ज्याला भेटायला कुणी येणार नव्हतं, तो सकाळी उठून दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या स्वतःच्या तोंडावर बारा वाजलेले असणार. तरी त्याने विचारलं. आणि त्यातून त्याला लगेच काही मिळालंही नाही. सुटून गेलेला प्यालेबरदार राजाकडे त्याचं नाव काढायचं दोन वर्षं साफ विसरला.

दुसऱ्या दिवशी मामा दाढी करून आले आणि लोकांच्या चेहऱ्यांकडे बघायला लागले.

पहिला प्रयत्न फसला. एक उंच, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस कपाळाला आठ्या घालून आत आला. मामांनी अदबीने विचारलं, "साहेब, आज चेहरा उतरलेला दिसतोय. काही झालं का?"

"तुम्ही तुमची लिफ्ट चालवा," तो म्हणाला.

मामांनी लिफ्ट चालवली. दुपारी मामींना हे सांगताना त्यांनी त्या माणसाचा आवाज काढून दाखवला, आणि आजारी पडल्यापासून मामी पहिल्यांदा हसल्या. ओढलेल्या तोंडाने, अर्ध्याच ओठांनी, पण हसल्या. मामांना वाटलं, त्या साहेबांचे उपकारच झाले.

त्याच आठवड्यात ती कंडक्टर बाई आली. अंगावर बसच्या नोकरीचा गणवेश, खांद्याला चामडी पिशवी, ड्यूटी अर्धवट सोडून आलेली दिसत होती. पाचव्या मजल्यावरून ती खाली आली, पण तळमजल्यावर उतरली नाही. लिफ्ट परत वर गेली, तीही वर गेली. पुन्हा खाली आली, दार उघडलं, ती तशीच कोपऱ्यात. माणसं चढत होती, उतरत होती. तिसऱ्या फेरीला लिफ्ट रिकामी झाली तेव्हा मामांनी दार लावलं, पण दांडा हलवला नाही.

"ताई, कुठे उतरायचंय?"

तिने खांद्यावरची पिशवी पोटाशी ओढली. मग म्हणाली, "आई गेली आत्ता. खाली बाबा बसलेत बाकावर. त्यांना अजून माहीत नाही. मला त्यांच्यासमोर जाता येत नाहीये."

पूर्वीचे मामा अशा वेळी चार धीराचे शब्द बोलले असते. देवाची इच्छा, वय झालं होतं, सुटल्या बिचाऱ्या. सगळे शब्द जिभेवर तयार होते. पण हेच शब्द गेले दीड महिना लोक त्यांना ऐकवत होते, आणि त्यांची चव त्यांना ठाऊक होती. त्यांनी दांडा फिरवला आणि चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबवली. "चला माझ्याबरोबर," ते म्हणाले. असं का केलं हे त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही.

मामींच्या पलंगाशेजारी खुर्ची होती. मामींनी त्या गणवेशातल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मामांकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"बस," मामी म्हणाल्या.

ती बसली. मामींनी डावा हात पुढे केला आणि तिचा हात धरला. ती बाई इतकं रडली की पलीकडच्या पलंगावरची आजी उठून बसली. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांना बोलता येत नव्हतं हे त्या बाईला माहीतही नव्हतं. वीस मिनिटांनी ती उठली, तोंड धुतलं, केस सारखे केले. मामा तिला घेऊन खाली गेले. बाकावर तिचे बाबा पाण्याची बाटली मांडीवर धरून बसले होते. ती त्यांच्या शेजारी बसून त्यांना सांगत होती तेव्हा मामा चार पावलांवर उभे राहिले. जुनी लिफ्ट तेवढा वेळ बंद होती. त्याबद्दल मामांना मेमो मिळाला. तो त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवला.

चार दिवसांनी ती बाई परत आली, मुद्दाम मामींना भेटायला. "सकाळपासून सगळे मला काही ना काही सांगत होते," ती मामांना म्हणाली. "फक्त मावशींनी मला बसू दिलं."

तेव्हापासून ती खुर्ची फारशी रिकामी राहिली नाही. मामा कुणालाही उचलून आणत नसत. लिफ्टमध्ये जिचा चेहरा अगदी बघवत नाही अशा बाईला ते विचारायचे, "दोन मिनिटं बसायचं का कुठे?" कुणी नको म्हणायची, कुणी येऊन बसायची. मामी हात धरायच्या. जिला बोलायचं असेल ती बोलायची, आणि मामी ऐकायच्या. ज्या बाईने आयुष्यात कुणाला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं ती आता ऐकत होती. मामांना या गोष्टीची गंमतही वाटायची आणि वाईटही वाटायचं.

मोठ्या सिस्टरांना हे पसंत नव्हतं. "मामा, हा वॉर्ड आहे, बसस्टॉप नाही," त्या कडाडल्या. मामांनी मान खाली घातली. तेवढ्यात मामी म्हणाल्या, "बस." सिस्टरांना वाटलं, आपल्याला पुरे कर म्हणतात. मामा घाईघाईने म्हणाले, "नाही सिस्टर, ती तुम्हाला बसायला सांगतेय. तुमचे पाय सुजलेत." सिस्टर सकाळपासून उभ्याच होत्या. त्या दोन मिनिटं बसल्या, उठल्या, आणि "चार ते पाच, एका वेळी एकच" असा नियम करून गेल्या.

एका संध्याकाळी चर्चचे पाळक मामींना भेटायला आले. प्रार्थना झाल्यावर मामा त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले आणि मनातलं बोलले. "पाळकसाहेब, लोक म्हणतात मामा फार चांगलं काम करतात. पण मी आतून पार थकलोय. दुसऱ्यांचं ऐकून आपलं दुःख कमी होतं म्हणतात. माझं तर होत नाही. मी खोटा आहे का?"

पाळक जिन्याच्या कठड्याला टेकले. "येशूला त्याच्या नात्यातल्या योहानाला राजाने मारल्याची बातमी कळली तेव्हा तो काय करायला निघाला होता, आठवतं?"

"गर्दीला जेवू घालायला."

"ते नंतर. आधी तो होडीत बसून एकटाच निर्जन जागी निघाला होता. घरातलं माणूस गेलेलं, त्याला एकांत हवा होता. लोक किनाऱ्याकिनाऱ्याने पायी त्याच्या आधी तिथे जाऊन पोचले. आणि त्यांना बघून त्याला कळवळा आला."

"मग त्याला रडायला वेळ कधी मिळाला?" मामांनी विचारलं.

पाळकांनी मामांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. "संध्याकाळी. सगळ्यांना त्याने घरी पाठवलं, शिष्यांनासुद्धा होडीत बसवून पुढे लावून दिलं, आणि एकटा डोंगरावर प्रार्थना करायला गेला. त्याने लोकांना टाळलं नाही, मामा. पण डोंगरही सोडला नाही."

मामांकडे डोंगर नव्हता, पण गच्चीची किल्ली होती. लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत होतं आणि त्याला तेल घालायचं काम मामांचं. त्या दिवसापासून ड्यूटी संपली की ते वर जायचे, दहा-पंधरा मिनिटं यंत्राशेजारी उभे राहायचे. कधी रडायचे. कधी देवाशी अगदी घरच्या भाषेत भांडायचे. पहिल्या दिवशी इतकंच म्हणाले, "मी आलोय परत." पुढे भांडणात थोडे आभार मिसळायला लागले. आज ती अर्धी पोळी स्वतःच्या हाताने जेवली. आज बोटं हलली. आज त्या पोरीची शस्त्रक्रिया नीट झाली, जिची आई काल आमच्या खुर्चीत बसली होती. अशा गोष्टी मोजता मोजता पंधरा मिनिटं कमी पडायला लागली.

तीन महिन्यांनी मामींना घरी सोडलं. तोपर्यंत आणखी पाच शब्द परत आले होते. "चहा", "नको", लेकीचं लाडाचं नाव, "आमेन", आणि "अहो". "अहो" आलं त्या दिवशी मामांनी दिवसभर लिफ्टमध्ये ज्याला त्याला सांगितलं. ज्यांना संदर्भ माहीत नव्हता तेही हसून अभिनंदन करून गेले.

प्रश्न होता चोपन्न पायऱ्यांचा. मामांनी दोन ॲम्ब्युलन्सवाल्यांना विनंती केली होती, पण इमारतीखाली पोचले तर तिथे सातजण उभे. वॉर्डातल्या दोन आया, बदलीवरचा तो नवखा लिफ्टवाला, बोलबाई, शेजारचे दोघे, आणि कामावरून तशीच आलेली कंडक्टर बाई. खुर्चीत बसवून त्यांनी मामींना उचललं. प्रत्येक वळणावर खुर्ची टेकवून दम घ्यायचा, आणि कंडक्टर बाई ओरडायची, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे." दुसऱ्या मजल्यावर सगळे इतके हसायला लागले की खुर्ची कलली, आणि मामी घाबरून एका दमात म्हणाल्या, "अहो, नको, नको." तीन शब्दांचं ते पहिलं वाक्य. बोलबाईने तिथेच जिन्यात वहीत लिहून घेतलं.

वॉर्डातल्या त्या खुर्चीत बसून गेलेल्या बाकीच्या बायका मामींना विसरल्या. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही. इस्पितळातले दिवस माणसाने विसरावेत यासाठीच तर सगळे झटत असतात, असं ते म्हणायचे. लेकीला मुलगी झाली. ती दोन महिन्यांची झाल्यावर लेक तिला घेऊन आली आणि मामींच्या डाव्या कुशीत ठेवलं. मामी तिच्याशी न थांबता बोलत राहिल्या, कुठल्याच भाषेत नसलेले आवाज काढून, आणि त्या घरात तेवढीच एक अशी होती की जिला मामींचं बोलणं अगदी बरोबर वाटत होतं.

पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. चर्चमध्ये पाळकांनी त्यांना उपकारस्तुतीचे दोन शब्द बोलायला सांगितलं. मामा बाकाची कड धरून उभे राहिले. "मी देवाकडे हिची वाचा मागितली होती," ते म्हणाले. "ती त्याने दिली नाही, थोडीच दिली. का, ते मला कळलेलं नाही आणि मी कळल्याचं सोंग करणार नाही. पण त्या वॉर्डात मी एकटा आहे असं मला वाटत होतं तेव्हा हिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मी दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायला शिकलो. आणि तिथे, त्या माणसांत, तो होता. याबद्दल मी त्याचे आभार मानतो." पहिल्या बाकावरून मामींनी ठणठणीत आवाजात "आमेन" म्हटलं. मामा खाली बसले.

आता दर गुरुवारी मामा चाकाच्या खुर्चीतून मामींना इस्पितळात नेतात. चौथ्या मजल्यावर बोलबाईची खोली आहे, तिथे वाचा गेलेली माणसं शिकायला येतात. मामी त्यांच्याबरोबर तासभर बसतात. गेल्या महिन्यात एक वकील आले. चाळीस वर्षं बोलण्यावर जगलेला माणूस, आणि आता तोंडातून फक्त "म्हणजे" हा शब्द निघत होता. पहिल्या गुरुवारी त्यांनी समोरची चित्रांची कार्डं उधळून दिली. मामींनी खुर्ची त्यांच्या शेजारी घ्यायला लावली आणि तासभर नुसत्या बसल्या. दुसऱ्या गुरुवारी वकिलांनी त्यांच्याकडे पाठ केली. मामी बसल्या.

तिसऱ्या गुरुवारी मामा औषधं घेऊन वर आले तर खोलीतून हसण्याचा आवाज येत होता. दारातून बघतात तर वकील डोळे पुसत होते आणि मामींचा डावा खांदा हसून हसून हलत होता. बोलबाई गोंधळून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. कशावर हसले ते त्या दोघांनाच माहीत होतं, आणि दोघांनाही सांगता येत नव्हतं. मामा आत गेले नाहीत. औषधांची पिशवी हातात धरून दाराबाहेर उभे राहिले, आणि ते हसू ओसरेपर्यंत मनातल्या मनात देवाचे आभार मानत राहिले.